धोंड तिथंच राहिलेला रविवार

उपदेश करणाऱ्या माणसांचे दोन प्रकार. एक उभा राहिला की ऐकणाऱ्याला आपली पापं आठवतात, दुसरा उभा राहिला की घरी गॅसवर राहिलेलं दूध आठवतं. वाइंडर ह्या दोन्हींत बसत नव्हता. तो बोलायला लागला की लोकांना घरचे बिघडलेले पंखे आठवायचे.

त्यात लोकांचा काही दोष नव्हता. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस बाजारामागच्या गल्लीत मोटारी रिवाइंड करायचा. पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या, कोणाच्या शिलाई मशीनच्या. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार छिन्नीनं तोडून उपटायची, खोबणी खरवडून साफ करायच्या, त्यांत कागद घालायचा आणि मग नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसवायचे. शेवटी वार्निश पाजून वाळत ठेवायची. दुकानात पाऊल टाकलं की करपलेल्या वार्निशचा वास डोक्यात जायचा. तो वास रविवारच्या धुतलेल्या शर्टालाही सोडायचा नाही. बायको म्हणायची, माझ्या नशिबात सोनं बेताचंच होतं, तांबं मात्र देवानं हात सैल सोडून दिलं.

तो उपदेशाकडे वळला तो अपघातानं. त्यांचं चर्च लहान. पाळक एक आणि चर्चं चार, त्यामुळे पाळकसाहेब यायचे क्वचित आणि बाकीच्या रविवारी मंडळीतलाच कोणीतरी उभा राहायचा. एका वर्षी तो कोणीतरीही आजारी पडला. वडीलधाऱ्यांची बैठक बसली, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला, आणि शेवटी सगळ्यांनी हताश होऊन वर बघितलं. वर बघितल्यावर देव दिसायला हवा. दिसला वाइंडर, शिडीवर उभा राहून छताचा पंखा खोलणारा. पंखा करून देतो, उपदेश मला जमणार नाही, असं तो शिडीवरूनच म्हणाला. पण नाही म्हणणाऱ्या माणसाचे पाय शिडीवर असले की त्याला पळून जाता येत नाही.

त्याचा पहिला उपदेश लाजरावर होता, येशूनं कबरेतून उठवलेल्या. मेलेल्या भावाची कबर उघडायची वेळ आली तेव्हा बहीण म्हणाली, आता वास येत असेल. एवढ्या एका वाक्यावर वाइंडरनं सगळा उपदेश उभा केला. म्हणाला, माझ्या दुकानात जो येतो तो मोटार टेबलावर ठेवून आधी हेच सांगतो, वास येतोय, आता काही व्हायचं नाही. आणि तरी घेऊन येतो. काही व्हायचं नाही असं ज्याला खरंच वाटतं तो भंगारवाल्याकडे जातो, माझ्याकडे येत नाही. तोंडानं नाही म्हणत का होईना, त्या बहिणीनं कबरेची वाट दाखवलीच ना. मागच्या बाकावरच्या बायकाही तेव्हा बोलायच्या थांबल्या होत्या.

तेव्हापासून तो उभा राहत आला. प्रत्येक उपदेशात मोटार यायचीच. ती कधी येते ह्यावर पोरं पैजा लावायची, आणि आली की एकमेकांना कोपरानं ढोसायची. वाइंडरला ते माहीत होतं. एखाद्या रविवारी तो मुद्दाम उशीर लावायचा.

पण कौतुक करायचं ते ह्याचं नाही. बोलण्यात हातखंडा असलेली माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेकांची जीभ चालते आणि बाकी सगळं बसून असतं. वाइंडरची गोष्ट वेगळी होती, आणि ती फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती. तो दर खेपेला मंडळीतलं एकच माणूस मनात धरायचा आणि त्या एकासाठी उपदेश तयार करायचा. त्या माणसाला टोमणा म्हणून नव्हे. घरी पाहुणा यायचा असला की त्याला काय आवडतं, काय सोसत नाही, हे डोक्यात ठेवून आपण स्वयंपाक करतो, तसा. बाकीचे त्याच ताटावर जेवून जायचे आणि प्रत्येकाला वाटायचं, आज आपल्यासाठीच होतं. ज्याच्यासाठी असायचं त्याला मात्र कधीच कळायचं नाही.

उपदेशाची तालीम स्वयंपाकघरात व्हायची. बायको भाजी चिरायची, तो ओट्याला टेकून बोलायचा. सुरुवात ठरलेली. ती विचारायची, "ह्या वेळी कोण?" तो सांगायचा. मग ती सुरी चालवत ऐकायची आणि कंटाळा आला की सरळ सांगायची. पाळकसाहेबांनाही असा परीक्षक मिळाला नसेल.

त्या वर्षी ईस्टरचा उपदेश वाइंडरकडे आला, आणि बायकोनं विचारल्यावर तो म्हणाला, "पेंटर."

तिनं सुरी पुसून पुढची भाजी घेतली.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा, वाइंडरचा जुना मित्र. गल्लीतल्या निम्म्या दुकानांची अक्षरं त्याच्या हातची होती, वाइंडरच्या दुकानाचीसुद्धा. त्याची बायको चर्चमध्ये उपदेशाआधीचं शास्त्रवाचन करायची, बायबलमधला उतारा मोठ्यानं. दर रविवारी तीच. यादीत नावं चौघांची असायची, पण तिघं आयत्या वेळी घसा बसल्याचं सांगायचे, आणि तिनं वाचलेलं सगळ्यांनाच आवडायचं. पेंटर मागं दाराजवळ बसायचा आणि डोळे उघडे ठेवून झोपायचा. ती उभी राहिली की तेवढ्यापुरता जागा व्हायचा. ती थंडीत वारली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि माणूस हातचं गेलं. त्यानंतर पेंटर चर्चला आला नाही. कामालाही हात लावीना. डब्यांतले ब्रश वाळून लाकूड झाले. वाइंडर संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचा; दोघं तासभर गप्प बसायचे आणि मग हा उठून घरी यायचा.

ईस्टरचं वाचन यादीत तिच्या नावावर होतं. यादी वर्षाच्या सुरुवातीलाच लागलेली. मंडळीचे सेक्रेटरी भले गृहस्थ, औषधांचं दुकान चालवायचे. दुसरं नाव घालू का, असं विचारायला ते स्वतः पेंटरच्या घरी गेले. पेंटर म्हणाला, "तिची पाळी मी करतो. तेवढी एक करतो. मग मला पुन्हा बोलावू नका. त्या दारात मी परत येणार नाही."

सेक्रेटरींनी ते वाइंडरला सांगितलं, आणि वाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं. पेंटर बोलायचा कमी, पण बोललेलं मोडणारा नव्हता. म्हणजे जे काय करायचं ते त्या एका सकाळी. वाचन होतं बागेतलं: मरीया कबरेपाशी रडत उभी आहे, आणि ज्याच्यासाठी रडते आहे तो येशूच मागं येऊन उभा राहिला तरी तिला वाटतं, हा माळी असेल. ह्यावर वाइंडरनं उपदेश रचायला घेतला. दुकानात वेढे घालताना, जेवताना, अंघोळ करताना तेच. तालमीच्या दिवशी बायकोची सुरी मध्येच थांबली आणि पुन्हा चालू झाली नाही. संपल्यावर ती म्हणाली, "ह्यात मोटार नाहीये."

"नाही."

"मग तुम्हाला बरं नाही का?"

पण तिनं पदरानं डोळे पुसले. वाइंडरला कळलं की उपदेश जमलाय.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरून गेलं होतं. वर्षभर न दिसणारी माणसंही आली होती. एक फार म्हाताऱ्या आजी होत्या, त्यांना नातू खुर्चीसकट उचलून आणायचे, तेही वर्षातून ह्या एकाच दिवशी. वेदीवर पांढरा कपडा, पांढरी फुलं, पोरांच्या अंगावर नवे कपडे. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कानामागं जुना निळा रंग तसाच होता. काय वाचायचंय ते आधी एकदा बघून घे, असं वाइंडरनं त्याला दोनदा सुचवलं होतं. त्यानं झटकून टाकलं. बायको काय करायची ते त्यानं वर्षानुवर्षं बघितलं होतं: जायचं, जिथं फीत असेल तिथं पुस्तक उघडायचं, पेन्सिलीच्या खुणेपासून खुणेपर्यंत वाचायचं, यायचं. त्यात शिकायचं काय?

पेंटर पुढं गेला. मोठं बायबल फितीपाशी उघडलं. खूण शोधली आणि वाचायला लागला.

त्याचं वाचणं पाटीवर अक्षर काढल्यासारखं होतं, एकेक शब्द पूर्ण करून मगच पुढचा. संध्याकाळ झाली तेव्हा एक श्रीमंत माणूस आला. त्यानं येशूचं शरीर मागितलं. ते स्वच्छ तागाच्या कपड्यात गुंडाळलं. स्वतःसाठी खोदलेल्या नव्या कबरेत ठेवलं.

दुसऱ्याच वाक्याला वाइंडरला कळलं. हे शुक्रवारचं, गुड फ्रायडेचं वाचन होतं, पुरण्याचं. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. कोणी खोकलं, पोरांनी एकमेकांकडे बघितलं, पुढच्या बाकावरचे सेक्रेटरी ताठ झाले. पेंटरचा कान लाल होत गेला, पण तो थांबला नाही. कबरेच्या तोंडाशी मोठी धोंड लोटून तो माणूस निघून गेला, आणि मग्दालीया मरीया आणि दुसरी मरीया तिथं कबरेसमोर बसून राहिल्या. इथं दुसरी खूण होती. पेंटर म्हणाला, "वाचन संपलं." मागं दाराजवळच्या जागेपर्यंत तो गेलाच नाही. तो समोरच्याच बाकाच्या टोकाला बसला.

सेक्रेटरी आपलं बायबल योग्य पानावर उघडून उठले. त्यांचं काही चुकत नव्हतं. ईस्टरला पुनरुत्थान वाचायचं नाही तर काय वाचायचं? दोन मिनिटांचं काम होतं. चूक दुरुस्त झाली असती, लोक हसून विसरले असते, आणि पेंटर उपासना संपताच दाराबाहेर पडून कायमचा गेला असता. बायकोची एक पाळी करायला आला आणि तीही चारचौघांत दुसऱ्यानं पुरी केली, हे मनात घेऊन. वाइंडरला हे समोर लिहिल्यासारखं दिसलं. त्यानं सेक्रेटरींना हातानं बसायची खूण केली आणि व्यासपीठावर जाऊन उभा राहिला. खिशात रचलेला उपदेश होता आणि तो आता कवडीच्या कामाचा नव्हता.

तो उघड्या बायबलकडे बघत राहिला. शुक्रवारी पाळकसाहेब आले होते. त्यांनी हे पान वाचलं, फीत इथं ठेवली आणि ते पुढच्या चर्चला निघून गेले. ते नेहमी तसेच जायचे. मग दर रविवारी फीत बरोबर जागी कशी असायची? वाइंडर इतकी वर्षं इथं उभा राहत होता, आणि दर खेपेला पान तयार, पेन्सिलीची खूण तयार. हे कोणी करत असेल असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. थंडीपासून जो तो आपलं बायबल आणून वाचत होता, म्हणून हे उघडं पडलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी फुलं घेऊन पेंटरची बायको यायची, हे मात्र त्यानं दुकान बंद करताना कितीदा बघितलं होतं.

त्यानं घसा साफ केला. म्हणाला, "आज आपल्याकडे एक चूक झाली. ती वाचणाऱ्याची नाही. इथली फीत दर शनिवारी कोणीतरी सरकवत होतं, आणि ते कोण, हे आपल्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. आपल्याला वाटलं, ती आपोआप सरकते. वहिनी गेल्या आणि फीत शुक्रवारीच राहिली."

पेंटर खाली बघत होता.

मग वाइंडर त्या दोन बायकांबद्दल बोलला. त्याच्याजवळ काही तयार नव्हतं, त्यामुळे तो अडखळत, मागंपुढं करत बोलला. म्हणाला, ज्यानं धोंड लोटली तो निघून गेला, ते बरोबरच होतं, त्याचं काम संपलं होतं. ह्या दोघींचं तिथं काही काम नव्हतं. त्यांना धोंड हलवता येत नव्हती, पुढं काय होणार ते माहीत नव्हतं, घरी जाववत नव्हतं. त्या नुसत्या बसल्या. लिहिणाऱ्यानं ती ओळ लाजून गाळून टाकली नाही. त्यांना कोणी उठा म्हटलं नाही, विश्वास ठेवा म्हटलं नाही. रविवारी जी सगळ्यांत आधी पोचली ती ह्यांच्यातलीच होती, पण शुक्रवारी तिला ते कुठं ठाऊक होतं? जो बसून राहिलाय त्याला आपण फार घाई करतो, असं तो म्हणाला, आणि मी सगळ्यांत जास्त केली, असंही म्हणाला.

शेवटी त्यानं पुस्तक मिटलं. "राहिलेलं वाचन पुढच्या रविवारी. पेंटरच वाचतील." आणि तो खाली येऊन बसला.

आता पेटीवाल्या बाईंची पंचाईत झाली. ईस्टरचं गीत वाजवावं तर कबर अजून बंद, शुक्रवारचं वाजवावं तर पोरांच्या अंगावर नवे कपडे. त्यांनी भलतंच एक गीत काढलं. ते कोणालाच नीट येत नव्हतं, आणि मंडळी ते पुटपुटत घरी गेली.

दारातच सेक्रेटरींनी वाइंडरला गाठलं. ते चिडले होते आणि त्यांना चिडायचा हक्क होता. म्हणाले, "एका माणसासाठी तुम्ही सगळ्या मंडळीचा ईस्टर अडवलात. आणि त्या आजी? वर्षातून एकदा येतात. पुढच्या रविवारी त्या असतील ह्याची हमी तुम्ही देता?"

आजींचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. एक माणूस धरायची सवय चांगली, पण एक धरलं की दुसरं सुटतं, हे त्याला त्या दारात पहिल्यांदा नीट कळलं. तो घरी गेला नाही. बायबल काखेत मारून तसाच आजींच्या घरी गेला, माफी मागितली आणि बाकीचं वाचून दाखवतो म्हणाला. आजी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होत्या.

"बस, पाणी पी," त्या म्हणाल्या. "मला ते पाठ आहे रे. कबर रिकामी होती. तू वाचलं नाहीस म्हणून ती भरली नाही." मग त्यांनी विचारलं, "तो पोरगा येईल का पुढच्या रविवारी?"

पेंटरला पोरगा म्हणणारं तेवढं एकच माणूस जगात शिल्लक होतं. माहीत नाही, असं वाइंडर म्हणाला.

आणि खरंच माहीत नव्हतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. गल्लीत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे वाइंडरचं डोकंही रिवाइंड करायला झालंय. कोणी म्हणे पेंटर येतोय कशाला, वाइंडर आपल्याच हातानं तोंडघशी पडणार. पाळकसाहेबांचा फोन आला. ते रागावले नाहीत, पण काळजीच्या आवाजात बोलले, आणि ते ऐकणं रागापेक्षा जड गेलं. वाइंडरनं एका पंपाचे वेढे चुकवले आणि बांधलेलं सगळं उपटून पुन्हा घातलं. रोज संध्याकाळी पेंटरकडे जायचं, ते त्या आठवड्यात त्यानं मुद्दाम टाळलं. घाई करायची नाही असं चारचौघांत बोलून बसला होता ना. बायकोला विचारलं, माझं चुकलं का? ती म्हणाली, "चुकलं असेल. पण जमलेला उपदेश खिशात ठेवून चुकलात. तो वाचून बरोबर ठरला असतात तर मला आवडलं नसतं."

गुरुवारी दुपारी पेंटर दुकानात आला. स्टूल ओढून बसला. वाइंडरनं हातातला वेढा पुरा केला, मान वर केली नाही.

"तू मला लटकवलंस," पेंटर म्हणाला.

"हो."

"सगळे रस्त्यात थांबवून विचारतात. येणार ना, वाचणार ना. जसा काही मीच ती धोंड हलवणार आहे."

पेंटरनं टेबलावरचा तारेचा तुकडा उचलून वाकवला, सरळ केला. मग हळूच म्हणाला, "मला निम्म्यात कळलं होतं. हे आजचं नाही, शुक्रवारचं आहे. थांबता आलं असतं."

"मग?"

"पुढचं वाचता आलं नसतं मला. हे वाचता येत होतं. हे माझं होतं." तार पुन्हा वाकली. "ते पुढचं वाचायचं तर खरं वाटायला पाहिजे. मला नाही वाटत."

"मला तरी रोज कुठं वाटतं?" वाइंडर म्हणाला. हे तो बायकोलाही कधी बोलला नव्हता. बोलून गेल्यावर त्यालाच हलकं वाटलं. मग म्हणाला, "वाचायला खरं वाटावं लागत नाही. तू पाटी काढतोस ना, येथे उत्तम चहा मिळेल. आधी चहा पिऊन बघतोस का?"

"बघतो."

"आणि वाईट असला तर?"

"उत्तम जरा बारीक काढतो."

वाइंडर हसला. पेंटरलाही हसू आवरेना. थंडीनंतर पहिल्यांदाच तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. वाइंडरनं त्याला बघितलं न बघितलंसं केलं आणि पंपावर वाकून म्हणाला, "मग बारीक वाच. आम्ही कान देऊ."

येतो म्हणून काही पेंटर बोलला नाही. उठला आणि गेला.

रविवारी चर्चमध्ये ईस्टरपेक्षा जास्त गर्दी होती. कोणी भक्तीनं आलं होतं, कोणी मजा बघायला; देवाला दोन्ही चालत असावं. आजींना नातवांनी पुन्हा खुर्चीसकट उचलून आणलं होतं. वाइंडरनं तोच जुना उपदेश खिशात घातला होता, बागेतला, पेंटरसाठी रचलेला. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. पेंटरचा पत्ता नव्हता. दुसरं गीत झालं. वाइंडरनं खिशातला उपदेश चाचपला. सेक्रेटरी त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत आता राग नव्हता, कीव होती. वाचनाची वेळ झाली आणि कोणीच उठलं नाही.

तेवढ्यात दाराजवळून बाक सरकल्याचा आवाज झाला. पेंटर मागंच बसला होता, खांबाआड, रोजच्या रंग लागलेल्या शर्टात. तो दोन्ही बाजूंच्या माना वळवत पुढं आला आणि पुस्तक उघडलं.

तो इतक्या हळू वाचू लागला की मागचे लोक उठून पुढं सरकले. अजून अंधार असताना ती आली. धोंड हललेली होती. ती धावली, इतरांना बोलावलं, ते बघून परत गेले. ती गेली नाही. ती बाहेर रडत उभी राहिली. मागं वळली तर कोणी उभं होतं. तिला वाटलं, माळी असेल. दादा, तुम्ही त्यांना उचलून नेलं असेल तर कुठं ठेवलंय ते सांगा. येशू तिला म्हणाला, "मरीये."

पेंटर थांबला.

पुढची ओळ आली नाही. वाइंडरला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं, आणि त्यानं बाकाची कड घट्ट धरून स्वतःला बसवून ठेवलं.

पेंटरनं पुस्तकावरून नजर उचलली. तो मंडळीशी बोलत नव्हता. आपल्याशीच बोलत होता, पण आता सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बघून नाही ओळखलं तिनं," तो म्हणाला. "हाक मारल्यावर ओळखलं." आणि मग, "तेवढं मलाही जमेल. हाक आली तर मी ओळखेन."

मग तो पुन्हा वाचायला लागला. ती वळली, तिनं त्याला ओळखलं, ती इतरांना सांगायला गेली. इथं पेन्सिलीची खूण होती, आणि इथं वाचन संपायचं होतं. पेंटर खुणेवरून सरळ पुढं गेला. त्या संध्याकाळी दारं बंद करून शिष्य भीतीनं आत बसलेले. मग तो एकजण, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. पेंटरचा आवाज चढत चालला होता. आता तो शब्द कोरत नव्हता, एका ओळीवरून घाईनं दुसरीवर जात होता. वाइंडर रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. इतक्या वर्षांत कितीजणांसाठी उपदेश रचले, पण ज्याच्यासाठी रचला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाला तो हा एकच.

सेक्रेटरींनी बाजूला झुकून त्याच्या कानाशी तोंड आणलं. "खूण केव्हाच मागं पडली," ते कुजबुजले. "थांबवू का त्यांना? तुमचा उपदेश राहिलाय."

"राहू द्या," वाइंडर म्हणाला. "पुढं काय झालं ते त्याला बघायचंय."

सेक्रेटरी मागं टेकून बसले, आणि पेंटरनं पान उलटलं.